जागतिक परिवर्तन : मैदान आणि कलम

(कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



या अभ्यासवर्गासाठी संयोजकांनी मला दिलेला विषय 'सामाजिक चळवळी आणि जागतिक परिवर्तनाच्या शक्यता' असा आहे. विषय इतका ऐसपैस आहे की वक्त्याने तासभर काहीही बोलावे आणि श्रोत्यांनी टाळ्या वाजवून घरी जावे. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवल्यामुळे मला या प्रकाराची धास्ती वाटते. अर्थशास्त्राच्या मास्तराला एक खोड जडलेली असते. कोणी मोठी गोष्ट सांगू लागला की तिची किंमत किती आणि ती कोणी मोजली, हे तो विचारतो. म्हणून मी आज शक्यतांची यादी वाचून दाखवणार नाही. एकच लढा घेऊन तो कोठे जिंकला, कोठे हरला आणि आज कोठे हातचा निसटतो आहे, एवढेच मांडणार आहे. तो लढा औषधांच्या पेटंटचा. त्याचा संबंध जिनिव्हाशी आहे, केपटाऊनशी आहे आणि आपल्या मुंबईच्या पेटंट कार्यालयाशीही आहे.

परंतु सुरुवात थोडी मागून करतो. 'जग' हा शब्द आपल्या परंपरेला कधीच परका नव्हता. डॉ. राममनोहर लोहिया प्रौढ मतदानाने निवडलेल्या विश्वसंसदेची कल्पना मांडीत, तेव्हा त्यांना स्वप्नाळू म्हणणारे पुष्कळ होते. जानेवारी १९५३ मध्ये रंगूनला आशियाई समाजवादी परिषद स्थापन झाली आणि तिचे दुसरे अधिवेशन १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत भरले. ब्रह्मदेश, इंडोनेशिया, जपान, इस्रायल अशा देशांतील समाजवादी त्या परिषदेत एकत्र आले होते. पुढे काय झाले? १९६० मध्ये इंडोनेशियातील समाजवादी पक्षावर बंदी आली, १९६२ मध्ये ब्रह्मदेशात लष्कराने सत्ता बळकावली, आपल्याकडे पक्ष फुटत राहिले. परिषद विरून गेली. ठराव उरले, ते अमलात आणणारे हात उरले नाहीत.

जवळजवळ पन्नास वर्षांनी, जानेवारी २००४ मध्ये, गोरेगावच्या नेस्को मैदानावर जागतिक सामाजिक मंच भरला, तेव्हा मी सहाही दिवस तेथे होतो. रोज सकाळी लोकलने जायचे आणि रात्री धुळीने बसलेला घसा घेऊन परतायचे. तुमच्यापैकी ज्यांनी तो मेळा पाहिला असेल त्यांना तो विसरता येणार नाही. जुन्या कारखान्याच्या त्या शेडमध्ये लाखाच्या आसपास माणसे आली होती. दलित संघटनांचे ढोल, तिबेटी भिक्षू, कोरियन कामगार, ब्राझीलचे भूमिहीन, नर्मदेच्या खोऱ्यातील आदिवासी. कोका-कोलाला मैदानात मज्जाव होता. महामार्गापलीकडे पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या मैदानावर 'मुंबई प्रतिकार' नावाचा दुसरा मेळा भरला होता. आमचा मंच फारच मवाळ आहे, असे त्यांचे म्हणणे. डाव्यांचे दोन मांडव पडल्याखेरीज आपल्या देशात काही साजरे होत नाही, तेव्हा त्याचे मला आश्चर्य वाटले नाही.

माझ्याबरोबर तालुक्याच्या गावचा एक तरुण कार्यकर्ता होता. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याने मला विचारले, "सर, शेवटच्या दिवशी ठराव कोणता होणार?" मी सांगितले की या मंचाच्या २००१ च्या सनदेनुसार मंच म्हणून कोणताही ठराव होत नाही, ही भेटण्याची, बोलण्याची जागा आहे, संघटना नव्हे. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग गावात जाऊन सांगू काय?"

या प्रश्नाने माझा वीस वर्षे पिच्छा पुरवला आहे.

सनद लिहिणारे मूर्ख नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. विसाव्या शतकात जागतिक संघटना बांधण्याचे जे प्रयोग झाले त्यांत ठरावाच्या नावाखाली एका राजधानीचा हुकूम सर्वांवर चालला, हे त्यांनी पाहिले होते. पोर्तो आलेग्रेला २००१ मध्ये जे जमले ते त्या हुकूमशाहीला विटलेले होते. बहुमताने ठराव करावा तर बहुमत मोजायचे कसे? पाच माणसांच्या संस्थेला एक मत आणि पाच लाखांच्या कामगार संघालाही एकच मत, हा न्याय नव्हे. उलट केले तर लहान गटांनी यावे कशाला? ही अडचण खरी होती. पण खऱ्या अडचणीतून काढलेली वाट बरोबरच असते असे नाही. २००५ मध्ये समीर अमीन, सारामागो यांच्यासह एकोणीस विचारवंतांनी स्वतःच्या सहीने एक जाहीरनामा काढला, तर 'हे मंचाचे मत नव्हे' असा गिल्ला झाला. मंच अजून आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत तो काठमांडूला भरला होता. काठमांडू येथून फार लांब नाही. पण तो भरल्याचे आपल्यापैकी किती जणांच्या कानावर आले, हे आपण मनाशीच विचारावे.

याच प्रवाहातील सर्वात मोठी घटना १५ फेब्रुवारी २००३ ची. इराकवरील नियोजित हल्ल्याविरुद्ध त्या एका दिवशी जगातल्या सहाशेहून अधिक शहरांत निदर्शने झाली. लंडन आणि रोम येथे लाखोंचे मोर्चे निघाले. या दिवसाची हाक युरोपातील चळवळींनी नोव्हेंबर २००२ मध्ये फ्लोरेन्सच्या सामाजिक मंचावर दिली होती. मानवी इतिहासात एकाच दिवशी, एकाच मागणीसाठी इतकी माणसे क्वचितच रस्त्यावर आली असतील. आणि २० मार्चला बगदादवर बॉम्ब पडू लागले. मोर्चा पाहून ब्रिटनच्या संसदेने मतदान बदलले नाही. अमेरिकेच्या काँग्रेसने तर ऑक्टोबर २००२ मध्येच अध्यक्षांना अधिकार देऊन टाकला होता; माणसे रस्त्यावर आली तेव्हा निर्णयाची घडी निघून गेली होती.

आता औषधांकडे वळतो. येथे आधी एक कबुली द्यावी लागेल. १९९२ ते १९९५ या काळात डंकेल प्रस्तावाविरुद्ध मी महाराष्ट्रात गावोगाव बोलत फिरलो. आम्ही सांगत होतो की हा करार झाला की औषधे गेली, बियाणे गेले, सगळे संपले. करार झाला. मग आम्ही काय केले? आम्ही पराभव जाहीर केला आणि घरी गेलो. मी वर्गात त्यानंतर कितीतरी वर्षे जागतिक व्यापार संघटनेचा धडा एखाद्या मृत्युलेखासारखा शिकवला. करार मुळातून, कलमागणिक, वाचण्याचे कष्ट मी घेतले नाहीत. ते ज्यांनी घेतले त्यांनी जे सापडवले ते असे की पेटंट कशाला द्यावे याच्या तीन कसोट्या करारात आहेत : शोध नवा हवा, त्यात शोधक बुद्धीचे पाऊल हवे आणि तो उद्योगात वापरता यायला हवा. पण 'नवा' म्हणजे काय आणि 'शोधक पाऊल' म्हणजे काय, याची व्याख्या करारात नाही. ती करण्याचे काम प्रत्येक देशाच्या कायदेमंडळाकडे राहिले आहे. भिंतीत फट होती, आणि आम्ही भिंतीकडे पाठ करून रडत बसलो होतो.

तरुण मित्रांसाठी पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर आधारलेला भारताचा पेटंट कायदा १९७० मध्ये संमत झाला. त्यात औषधाच्या वस्तूवर पेटंट नव्हते. ते बनवण्याच्या कृतीवर होते, आणि तेही पाच ते सात वर्षांपुरते. तेच औषध दुसऱ्या कृतीने बनवायला मुभा होती. त्याच्या जोडीला पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आणि पुढे आयडीपीएल हे सार्वजनिक कारखाने होते. त्यांनी रसायनशास्त्रज्ञांची एक पिढी तयार केली. खासगी कंपन्या त्या पिढीवर वाढल्या. परिणामी परदेशी औषधांवर अवलंबून असलेला देश दोन-तीन दशकांत जगाला औषधे विकू लागला. बाजाराच्या अदृश्य हाताने हे घडले नाही, संसदेच्या दृश्य हाताने घडले. नव्या करारानुसार १ जानेवारी २००५ पासून भारताला वस्तूवर वीस वर्षांचे पेटंट देणे भाग पडणार होते.

याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत एड्सने थैमान घातले होते. २००० साली तेथे चाळीस लाखांहून अधिक लोक बाधित होते. तीन औषधांचे मिश्रण रोग्याला जगवते हे सिद्ध झाले होते. पण एका रोग्याचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. १९९७ मध्ये मंडेला सरकारने स्वस्त औषधे आणता यावीत म्हणून कायदा केला आणि औषध कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. खटला उभा राहीपर्यंत त्यांची संख्या एकोणचाळीस होती. डिसेंबर १९९८ मध्ये झॅकी अहमत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कँपेन' स्थापन केली. अहमत स्वतः बाधित होते. सरकारी दवाखान्यात सर्वांना औषध मिळेपर्यंत मी ते घेणार नाही, असे त्यांनी जाहीर केले आणि २००३ पर्यंत पाळले. सत्याग्रह हा शब्द आपण फार स्वस्त करून ठेवला आहे, म्हणून हे उदाहरण मुद्दाम सांगतो.

मला या चळवळीत लोहियांचे फावडे, तुरुंग आणि मतपेटी हे तिन्ही दिसतात, जरी त्या माणसांनी लोहियांचे नाव ऐकले नसेल. फावडे म्हणजे विधायक काम. त्यांनी वस्त्यांतून रोग्यांना विषाणू म्हणजे काय, औषध शरीरात काय करते, डोस चुकला तर काय होते, हे त्यांच्या भाषेत शिकवले. पेटंट म्हणजे काय हेही शिकवले. ज्या बाईला सही करता येत नव्हती ती न्यायालयाबाहेर कंपनीच्या नफ्याचे गणित सांगत होती. तुरुंग म्हणजे २००३ मधील सविनय कायदेभंग. आणि मतपेटीच्या जागी त्यांनी राज्यघटना वापरली. कोसातू हा बलाढ्य कामगार महासंघ त्यांच्या बाजूला उभा राहिला. तिकडे अमेरिकेत अध्यक्षपदाचे उमेदवार अल गोर यांच्या १९९९ मधील सभांत एड्स चळवळीचे कार्यकर्ते घोषणा देत शिरले, आणि दक्षिण आफ्रिकेवर दडपण आणणारे अमेरिकी प्रशासन काही महिन्यांत नरमले. पाहा, येथे निदर्शक मूठभर होते. पण ते नेमक्या माणसापुढे, नेमक्या वेळी, नेमकी मागणी घेऊन उभे होते.

फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने वर्षाला ३५० डॉलरमध्ये औषध देण्याची तयारी दाखवली. ज्या वस्तूचा बाजारभाव दहा हजार होता ती साडेतीनशेला देता येते, याचा अर्थ उरलेली रक्कम मक्तेदारीची खंडणी होती; हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी खटला मागे घेतला. नोव्हेंबरात दोहा येथे व्यापारमंत्र्यांना जाहीर करावे लागले की पेटंटचा करार सार्वजनिक आरोग्याच्या आड येता कामा नये. आज त्या उपचाराचा वर्षाचा खर्च पन्नास डॉलरच्याही खाली आहे आणि जगात तीन कोटींहून अधिक माणसे त्यावर जगत आहेत.

परंतु कथा येथे संपवली तर ती खोटी होईल. खटला जिंकल्यावर अध्यक्ष म्बेकी यांच्या सरकारनेच औषधे देण्यास टाळाटाळ केली, कारण अध्यक्षांना एड्सच्या कारणाविषयीच शंका होत्या! कालपर्यंत ज्या सरकारच्या बाजूने चळवळ न्यायालयात उभी होती, त्याच सरकारविरुद्ध तिला घटनापीठापुढे जावे लागले. जुलै २००२ मध्ये निकाल चळवळीच्या बाजूने लागला. राष्ट्रमुक्तीच्या पक्षाशी नाते न तोडता त्या पक्षाच्या सरकारला कोर्टात खेचणे ही गोष्ट आपल्याकडच्या चळवळींना जमत नाही. आपण एक तर मंत्र्यांच्या मांडीला मांडी लावून बसतो, नाही तर त्यांना फॅसिस्ट ठरवून मोकळे होतो.

आता आपल्या संसदेकडे या. डिसेंबर २००४ मध्ये सरकारने वटहुकूम काढून नवा पेटंट कायदा लागू केला. वटहुकमाचे कायद्यात रूपांतर करायचे तर सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या डाव्या पक्षांची मते लागणार होती. राष्ट्रीय पेटंट कायदा कार्यगटातील बी. के. कायला यांच्यासारखी माणसे ऐंशीच्या दशकापासून या विषयाच्या फायली घेऊन खासदारांचे उंबरे झिजवत होती. त्यांचे नाव आपल्या सभांत कधी निघत नाही. मार्च २००५ मध्ये जो कायदा झाला त्यात कलम ३ (डी) आले. त्याचा आशय साधा आहे. जुन्याच पदार्थाचे नवे रूप काढले, मीठ बदलले, स्फटिक बदलला, तर तेवढ्याने पेटंट मिळणार नाही. रोग बरा करण्याची त्याची शक्ती लक्षणीय वाढली आहे हे दाखवावे लागेल. शिवाय पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणाही व्यक्तीला हरकत नोंदवता येईल, ही तरतूद टिकली. 'कोणाही व्यक्तीला' हे दोन शब्द लक्षात ठेवा.

रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिवेक या औषधाच्या बाबतीत या कलमाची परीक्षा झाली. मूळ रेणू जुना. नोव्हार्टिसने त्याच्या एका स्फटिकरूपावर पेटंट मागितले. कंपनीचे औषध महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना, तर भारतीय कंपन्यांचे आठ-दहा हजारांना मिळत होते. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने हरकत घेतली. २००६ मध्ये चेन्नईच्या कार्यालयाने अर्ज फेटाळला. कंपनीने कलमालाच आव्हान दिले. मद्रास उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ते फेटाळले. 'खटला मागे घ्या' या मागणीवर जगभरातून चार लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि कंपनीच्या मायदेशी, स्वित्झर्लंडमध्येही, लोक तिच्या विरोधात बोलले. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या पीठामार्फत कंपनीचे अपील फेटाळले. संशोधनाचा खर्च कोण देणार, हा प्रश्न या वेळी वारंवार विचारला गेला, आणि तो रास्त आहे. परंतु ज्या डॉ. ब्रायन ड्रकर यांच्या कामातून हे औषध रोग्यापर्यंत पोहोचले, त्यांच्या संशोधनाला मुख्यतः सार्वजनिक आणि धर्मादाय निधी मिळाला होता. जनतेने एकदा कर भरून आणि दुसऱ्यांदा औषधाच्या दुकानात पैसे मोजून एकच गोष्ट दोनदा विकत घ्यावी, याला संशोधनास प्रोत्साहन म्हणतात.

त्या तरुणाच्या प्रश्नाला माझे उत्तर येथे सुरू होते. १५ फेब्रुवारीचा मोर्चा मोठा होता, पण त्याला पकडायला मूठ नव्हती. औषधांच्या लढ्यात माणसे थोडी होती, पण त्यांच्या मागणीला अडकायला जागा होती : दक्षिण आफ्रिकेत घटनेचे आरोग्यविषयक कलम, भारतात पेटंटची व्याख्या. जागतिक परिवर्तन 'जगात' घडत नाही. जगाला संसद नाही, पोलीस नाहीत, कर वसूल करणारे खाते नाही. ते कोठल्या तरी एका देशाच्या कायद्यात घडते आणि तेथून औषधाच्या खोक्यात बसून दुसऱ्या देशात जाते. मुंबई-हैदराबादेत बनलेली गोळी मोझांबिकमधील बाईच्या हाती पडते तेव्हा तिला आपल्या लोकसभेतल्या मतदानाची गंधवार्ताही नसते. याला मी आंतरराष्ट्रीयवाद म्हणतो. मैदानाची गरज नाही असे मी म्हणत नाही. केपटाऊनच्या कार्यकर्त्यांची आणि मुंबईच्या वकिलांची ओळख अशाच मेळ्यांत, परिषदांत होते. पण ओळख झाल्यावर घरी येऊन जे काम करायचे असते ते कंटाळवाणे असते, आणि आपल्याला कंटाळवाण्या कामाचा तिटकारा आहे.

यावर दोन आक्षेप घेता येतील आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा की ही जनतेची लढाई नव्हतीच. देशी भांडवलाने परदेशी भांडवलाशी केलेली ही बाजाराची लढाई होती आणि चळवळ तिची पालखी वाहत होती. यात तथ्य आहे. यकृतदाहावरील सोफोसब्युविर या औषधाचे २०१४ मध्ये काय झाले ते पाहा. अमेरिकेत त्याची एक गोळी हजार डॉलरला होती. गिलियड कंपनीने सात भारतीय कंपन्यांना आपल्या अटींवर परवाने दिले, कोणत्या देशांत विकायचे आणि कोणत्या नाही हे ठरवून दिले, आणि कालचे मित्र परवानाधारक झाले. पेटंटला हरकत घ्यायला मग रोग्यांच्या संघटना उरल्या. यातून मी असा निष्कर्ष काढत नाही की मैत्री करू नये. मैत्री होती तोपर्यंत तिने माणसे वाचवली. पण स्वतःचा कारखाना असता तर परवान्याचा हा डाव इतका सहज साधला नसता. पिंपरीचा कारखाना आपण आजारी पडू दिला, आयडीपीएल बंद करण्याचा निर्णय डिसेंबर २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने घेतला. आणि खरे सांगायचे तर त्याआधीची वीस वर्षे ते कारखाने सडत असताना आपणही कामगारांच्या थकलेल्या पगारापलीकडे त्यांच्याबद्दल बोललो नाही.

दुसरा आक्षेप करोनाने घेतला. २ ऑक्टोबर २०२० रोजी भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी महामारीपुरती पेटंटे स्थगित करावीत असा प्रस्ताव जिनिव्हात मांडला. शंभरहून अधिक देशांनी पाठिंबा दिला. मे २०२१ मध्ये अमेरिकेनेही लसीपुरता होकार भरला. जर्मनीने विरोध कायम ठेवला. जून २०२२ मध्ये हाती आला तो एक लंगडा निर्णय, फक्त लसींपुरता, आणि तोही साथ ओसरल्यावर. म्हणजे जुनी युक्ती चालली नाही. का? मला कारण परदेशात नव्हे, दिल्लीत दिसते. जिनिव्हात पेटंट स्थगितीची मागणी करणाऱ्या आपल्याच सरकारने मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला प्रतिज्ञापत्रावर सांगितले की सक्तीच्या परवान्याचा अधिकार देशात वापरणे उलटू शकते. गंगेत प्रेते वाहत होती तेव्हाची ही गोष्ट. सक्तीचा परवाना या देशाने आजवर एकदाच दिला आहे : मार्च २०१२ मध्ये, नेक्साव्हर या कर्करोगाच्या औषधासाठी, आणि महिन्याची किंमत २ लाख ८० हजारांवरून ८,८०० वर आली. त्यानंतर कायद्यातले ते हत्यार म्यानातच आहे. आपण घरी न वापरलेला हक्क दुसऱ्यांनी आपल्याला परदेशात मान्य करावा, ही अपेक्षा वाटाघाटीच्या टेबलावर कोण गांभीर्याने घेईल? आणि त्या काळात आपण काय करत होतो? ऑक्सिजनची नळकांडी पोचवत होतो, आणि ते योग्यच होते. पण सक्तीच्या परवान्यासाठी एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी एक मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही.

शेवटी मुंबईच्या पेटंट कार्यालयाची गोष्ट, जिच्यासाठी मी इथवर आलो. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर बेडाक्विलिन हे औषध आहे. जॉन्सन अँड जॉन्सनचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपत होते. त्या औषधाच्या एका क्षाररूपावर दुसरे पेटंट मिळाले असते तर मक्तेदारी आणखी चार वर्षे वाढली असती. २०१९ च्या फेब्रुवारीत दोन तरुणींनी त्याला हरकत घेतली. एक मुंबईची, दुसरी केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीतली. दोघींनी क्षयावर मात केली होती आणि जुन्या विषारी इंजेक्शनांमुळे दोघींची श्रवणशक्ती गेली होती. एकमेकींचा देशही त्यांनी तोवर नीट पाहिला नसेल. पण 'कोणाही व्यक्तीला' हे शब्द कायद्यात होते. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षी भारतीय कंपन्यांचे औषध आले आणि आंतरराष्ट्रीय खरेदीत किंमत जवळपास निम्म्यावर उतरली. ज्या देशात जगातील सर्वाधिक क्षयरोगी आहेत त्या देशात या निकालाची बातमी किती वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर छापली, हे तुम्ही तपासून पाहा. आपल्या पक्षाच्या एखाद्या शाखेने त्यावर सभा घेतली असेल तर मला सांगा. मला आनंद होईल.

आणि आता ताजी स्थिती. १५ मार्च २०२४ रोजी सरकारने पेटंटचे नियम बदलले. मंजुरीपूर्व हरकतीला पूर्वी शुल्क नव्हते, ते लावले. हरकत दाखल करून घेण्याजोगी आहे की नाही, हे आधीच ठरवण्याचा अधिकार अधिकाऱ्याला दिला. पेटंटधारकाने औषध देशात खरोखर किती उपलब्ध केले याचे विवरण दरवर्षी द्यावे लागे. ते तीन वर्षांतून एकदा केले. सक्तीचा परवाना मागायचा तर हेच विवरण पुरावा म्हणून लागते. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात औषधे मिळवण्याचा इष्ट मार्ग म्हणजे कंपनीने स्वेच्छेने दिलेला परवाना, अशा आशयाचे वाक्य आपल्या सरकारने मान्य केले आहे. कलम ३ (डी) जागेवर आहे. ते काढले तर ओरड होईल हे सरकार जाणून आहे. म्हणून कलम तसेच ठेवून त्याच्याकडे जाणारी पायवाट खणून टाकण्याचे काम चालले आहे, तेही संसदेत नव्हे, राजपत्रात. राजपत्र आपल्यापैकी कोणी वाचत नाही. वाचणाऱ्यांना कंपन्या पगार देतात.

येथे बसलेल्यांत तीन-चार वकील आहेत, दोघे औषधविक्रेते आहेत, एक आशा कार्यकर्ती आहे जिच्या वहीत गावातील प्रत्येक क्षयरोग्याचे नाव आणि त्याला किती दिवस गोळ्या मिळाल्या नाहीत याची नोंद आहे. ती वही या देशाच्या पेटंट कार्यालयात पुरावा म्हणून कशी नेता येईल, एवढ्या एका प्रश्नावर दुपारच्या सत्रात बसावे अशी माझी संयोजकांना विनंती आहे. नव्या नियमांची प्रत मी बरोबर आणली आहे. इंग्रजीत आहे, तिचे मराठी करून छापायला दोघा-तिघांनी नावे द्यावीत. प्रश्नोत्तरांना वेळ हवा, म्हणून थांबतो.